हाताने लिहिलेला बोर्डिंग पास

शुक्रवार, १९ जुलै २०२४. बंगळूरच्या केंपेगौडा विमानतळावर सकाळचे साडेदहा वाजून गेले आणि पहिल्या टर्मिनलवरच्या रांगा सरकेनाशा झाल्या. काउंटरवरचा कर्मचारी कळफलकावर बोटे आपटतो आहे आणि समोरचा पडदा काही केल्या दाद देत नाही, हे दृश्य तसे आपल्या ओळखीचे. बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर, वीजबिलाच्या कचेरीत ‘सिस्टिम डाऊन आहे’ हे शब्द ऐकून मुकाट परत फिरण्याची सवय आपल्याला केव्हाच लागली आहे. पण विमानाला ‘उद्या या’ म्हणता येत नाही. त्यात बसायला आलेला माणूस कुणाच्या लग्नाला निघालेला असतो, कुणी मुलाखतीला, कुणी दवाखान्यात असलेल्या आईला भेटायला.

त्या दिवशी इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस या कंपन्यांची प्रवासी नोंदवून घेणारी यंत्रणा एका जागतिक बिघाडात सापडली होती. प्रवाशाचे नाव शोधणे, त्याला आसन देणे, सामानाला पट्टी लावणे, बोर्डिंग पास छापणे, सगळे ठप्प. मग काउंटरमागच्या मंडळींनी पेन उचलले. नाव, उड्डाणाचा क्रमांक, आसन, दरवाजा आणि वेळ असे सगळे छापील कोऱ्या पासावर हाताने लिहून प्रवाशांच्या हाती दिले जाऊ लागले. बंगळूरच नव्हे, देशातल्या इतर विमानतळांवरही हेच चालले होते. दिल्लीला तर कुठले विमान कुठल्या दरवाजाने सुटणार हे शाळेतल्यासारख्या पांढऱ्या फळ्यावर लिहून ठेवावे लागले. तरुण प्रवाशांनी त्या हस्तलिखित पासांची छायाचित्रे काढून मित्रांना पाठवली. ज्यांनी पुठ्ठ्याची रेल्वे तिकिटे हाताळली आहेत त्यांना त्यात फारसे नवल वाटले नसावे.

संध्याकाळपर्यंत एकट्या इंडिगोने जवळजवळ दोनशे उड्डाणे रद्द केली होती. पण दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पहाटे तीनपासून विमानतळांवरील यंत्रणा पूर्ववत चालू लागल्याचे नागरी विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांनी जाहीर केले. एवढ्या मोठ्या बिघाडातून आपण त्या मानाने लवकर बाहेर पडलो. का पडलो, आणि जगातल्या काही बलाढ्य कंपन्या का पडू शकल्या नाहीत, हा भाग मात्र रंजक वृत्तांत वाचून सोडून द्यावा असा नाही. कारण आज ज्याच्या घरात दुकान आहे, दवाखाना आहे, शिकवणीचे वर्ग आहेत किंवा जो पतपेढीच्या समितीवर आहे, त्या प्रत्येकाच्या टेबलावर तोच पडदा ठेवलेला आहे.

आधी झाले काय ते पाहू. अमेरिकेतील क्राउडस्ट्राइक ही कंपनी संगणकांना राखणदार पुरवते. विषाणू आणि घुसखोर यांच्यावर नजर ठेवणारा हा राखणदार फाटकावर उभा राहत नाही. तो घराच्या अगदी आतल्या खोलीत, देवघराशेजारी म्हणावे इतक्या आत, राहतो. त्याला तशी मुभा दिल्याशिवाय तो आपले काम करू शकत नाही. चोर रोज नव्या युक्त्या काढतात म्हणून या राखणदाराला नवनव्या सूचना सतत पाठवाव्या लागतात. त्या शुक्रवारी भारतीय वेळेनुसार सकाळी नऊ वाजून एकोणचाळीस मिनिटांनी अशीच एक सूचना जगभर गेली. तिच्यात एकवीस रकान्यांची अपेक्षा होती आणि संगणकावरचा कार्यक्रम पुरवत होता वीस. एकविसावा रकाना शोधायला गेलेला राखणदार नको तिथे हात घालून बसला आणि विंडोज प्रणालीने अशा वेळी जे करायचे ते केले, स्वतःला बंद करून घेतले. निळा पडदा आला. यंत्र पुन्हा सुरू केले की ते पुन्हा तीच सूचना वाचायचे आणि पुन्हा कोसळायचे.

चूक कंपनीच्या लक्षात आली आणि अठ्ठ्याहत्तर मिनिटांत सूचना मागे घेतली गेली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे पंचाऐंशी लाख यंत्रे कोसळली होती. जगातल्या विंडोज यंत्रांच्या एक टक्क्याहूनही ही संख्या कमी होती हे विशेष. मात्र ही यंत्रे होती विमानतळांवर, इस्पितळांत, बँकांत, दूरचित्रवाणी केंद्रांत. म्हणून जग थांबल्यासारखे वाटले. आपल्या घरात शितावरून भाताची परीक्षा करतात. इथे शीत न चाचपताच सगळी पंगत एकदम वाढली गेली. पुढे कंपनीने अशा सूचना टप्प्याटप्प्याने, आधी थोड्या यंत्रांवर आणि मग इतरांवर, पाठवण्याची पद्धत सुरू केली. ती आधीच का नव्हती, हा प्रश्न विचारणाऱ्यांत कंपनीचे बडे ग्राहकही होते.

आता पुन्हा बंगळूरच्या काउंटरवर येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. हाताने पास लिहिणे हे दिसायला नाट्यपूर्ण, पण कामात सर्वांत सोपे. त्याच्या आधी एक कागद हाती असावा लागतो, तो म्हणजे प्रवाशांची यादी. यंत्रणा बंद पडल्यावर कोण कोण येणार होते हे सांगणार कोण? ती यादी कुठेतरी वेगळी उतरवून ठेवलेली असेल किंवा दुसऱ्या मार्गाने मागवता येत असेल तरच पेनाचा उपयोग. दुसरी गोष्ट याहून गंभीर. विमानात माणसे आणि सामान कुठेही कोंबून चालत नाही. पुढच्या भागात किती माणसे, मागच्या भागात किती, पोटात सामान किती किलो, इंधन किती, यावरून विमानाचा तोल काढावा लागतो. एरवी ही आकडेमोड संगणक करतो. तो नसला तर प्रशिक्षित माणसाने ती तक्त्यावर पेन्सिलीने करायची असते. हे तक्ते जुनेच आहेत, संगणकाच्या आधीपासूनचे. प्रश्न इतकाच, की आज ड्यूटीवर असलेल्यांपैकी कुणाला ते भरता येतात?

संकटकाळची योजना म्हणतात ती नेमकी इथे बसते. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत तिला व्यवसायसातत्याची योजना असे भारदस्त नाव आहे. कचेऱ्यांमधून तिच्या जाडजूड फायली असतात, दरवर्षी त्यांवर सह्या होतात आणि लेखापरीक्षक आला की त्या कपाटातून काढून दाखवल्या जातात. हे कागदी घोडे. खरी योजना म्हणजे यंत्र बंद पडल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत कोणी उठून काय करायचे हे ठरलेले असणे आणि ते त्याने आधी एकदा तरी करून पाहिलेले असणे.

अमेरिकेतली डेल्टा ही विमान कंपनी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तिच्यापाशी पैसा, माणसे, तज्ज्ञ, कशाचीच वाण नव्हती. बिघाड तिला आणि तिच्या स्पर्धक कंपन्यांना सारखाच झाला. स्पर्धक दोन-तीन दिवसांत सावरले. डेल्टाची मात्र पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणे रद्द झाली, तेरा लाखांवर प्रवासी अडकले आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे पन्नास कोटी डॉलर्सचा फटका बसला. यंत्रे सुरू झाली तरी कंपनी सुरू होईना, कारण वैमानिक आणि हवाई सेविका कुठल्या गावी आहेत, कुणाची ड्यूटी कधी संपली, कुणाला विश्रांती द्यायची, याचा हिशेब ठेवणारी एक प्रणाली मागे पडलेल्या नोंदींच्या ओझ्याखाली दबली होती. विमान उभे आहे, प्रवासी आहेत, वैमानिकही त्याच शहरात हॉटेलात बसून आहे, पण तो तिथे आहे हे कचेरीला ठाऊक नाही. शंभर प्रणालींपैकी नव्याण्णव सुरू झाल्या आणि जी एक सुरू झाली नाही तीच नाडी ठरली. आपल्या धंद्यातली नाडी कोणती, हे संकट येण्याआधी ओळखून ठेवायचे असते. ती बहुधा साहेबाच्या खोलीत नसते. एखाद्या कोपऱ्यातल्या वहीत असते.

बंगळूरची गंमत अशी, की हे शहर दुसऱ्यांच्या धंद्याचे सातत्य सांभाळून पोट भरते. कुठल्याशा देशातल्या बँकेचा संगणक रात्री अडला तर इलेक्ट्रॉनिक सिटीतला किंवा व्हाइटफील्डमधला एखादा मुलगा इथे बसून तो सुरू करतो. त्यात अनेक मराठी घरांतली मुले-मुलीही आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा इथल्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या घरी संगणक पोचवले आणि परदेशातल्या ग्राहकांची कामे चालू ठेवली. सप्टेंबर २०२२ मध्ये आऊटर रिंग रोडच्या परिसरात पाणी भरले तेव्हा हीच मंडळी ट्रॅक्टरमध्ये बसून कामावर गेली, त्याची छायाचित्रे सगळीकडे झळकली. अशा शहराला दुरून दुरुस्ती करणे नवे नाही. पण या बिघाडात दूरची विद्याच निकामी ठरली. यंत्र उभेच राहत नव्हते, तर त्याच्याशी दुरून बोलणार कसे? बहुतेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, ते ‘सेफ मोड’मध्ये सुरू करून ती एक फाईल हाताने पुसावी लागली.

त्यातही एक अडचण होती. शहाण्या कंपन्यांनी आपले संगणक कुलूपबंद केलेले असतात. चोरी झाली तरी माहिती वाचता येऊ नये म्हणून. ते कुलूप उघडायला अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली लागते. काही ठिकाणी या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपून ठेवल्या होत्या तो सर्व्हरही निळा पडदा दाखवत होता. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप! हसू येते खरे, पण आपल्याकडे तरी वेगळे काय असते? बँकेच्या खात्यांचे, विम्याचे, डॉक्टरांचे सगळे क्रमांक मोबाइलमध्ये, आणि तो हरवला तर तक्रार कोणत्या क्रमांकावर करायची तो क्रमांकही मोबाइलमध्येच. संकटकाळची योजना संगणकात ठेवू नये, छापून ठेवावी, हा या धंद्यातला अगदी पहिला धडा आहे आणि तो सर्वांत जास्त विसरला जातो.

यंत्र बंद पडले हे मान्य कोणी करायचे, हा दुसरा अवघड प्रश्न. ऐकायला विचित्र वाटेल, पण पुष्कळदा वेळ इथेच जातो. ‘पाच मिनिटांत सुरू होईल’ असे म्हणता म्हणता दुपार होते. मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात, म्हणजे एनएसईमध्ये, २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांत बिघाड झाला आणि सकाळी अकरा चाळीसला व्यवहार थांबवावे लागले. अशा प्रसंगासाठी बाजाराचे दुसरे केंद्र चेन्नईत तयार होते. पण त्या दिवशी व्यवहार तिकडे नेले गेले नाहीत. दलाल आणि गुंतवणूकदार ताटकळत राहिले. आपले सौदे पूर्ण करायला अनेकांनी मुंबई शेअर बाजाराकडे धाव घेतली. एरवी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी पावणेचारला उघडून पाचपर्यंत चालवावा लागला.

पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ने नियम कडक केला. महत्त्वाची यंत्रणा अडली तर अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करायची आणि जाहीर केल्यापासून पंचेचाळीस मिनिटांत दुसऱ्या केंद्रावरून काम सुरू करायचे. या नियमातले शहाणपण पंचेचाळीस मिनिटांत नाही, त्या अर्ध्या तासात आहे. आशा किती वेळ धरायची याला मर्यादा घातली गेली. लहान धंद्यालाही असाच एक आकडा हवा. समजा, दवाखान्यातला संगणक अडला. दहा मिनिटे वाट पाहायची, अकराव्या मिनिटाला वही काढायची. हे ठरवण्याचा अधिकार काउंटरवर बसलेल्या व्यक्तीला हवा. डॉक्टर आतून मोकळे होऊन सांगेपर्यंत बाहेर वीस रुग्ण जमलेले असतात.

नोंदींची प्रत वेगळी ठेवावी, हे सगळ्यांना पाठ असते. वेगळी म्हणजे किती वेगळी, याची एक अस्सल हकिगत आहे, आणि तिचा एक धागा आपल्या उरणच्या किनाऱ्यापर्यंत येतो. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विषाणू युक्रेनमधून पसरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेत शिरला. जगभरातली तिची अनेक बंदरे बंद पडली. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील, मर्स्क समूहाकडे असलेल्या एका टर्मिनलचे कामही त्यात अडकले. कुठला कंटेनर कुणाचा, हेच कळेना. कंपनीपाशी प्रती नव्हत्या असे नाही. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे सांगणारी तिची मुख्य नोंदवही जगभरातल्या सुमारे दीडशे सर्व्हरवर ठेवलेली होती आणि ते सगळे सर्व्हर एकमेकांशी जोडलेले होते. एक गेला तर दुसरा आहे, असा हिशेब. पण विषाणू आला तो जोडलेल्या तारांमधूनच, आणि त्याने दीडशेही पुसून टाकले. एक सोडून.

तो एक आफ्रिकेत, घाना देशात होता. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती आणि त्यामुळे तो सर्व्हर जाळ्यातून तुटलेला होता. भारनियमनाने इतके भले क्वचितच कुणाचे केले असेल! तिथून माहिती तारेने पाठवायची तर अनेक दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्यांपाशी ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण ती डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्याच्या हाती ती दिली आणि तो लंडनला घेऊन गेला. त्या एका प्रतीवरून चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले गेले. दरम्यान माणसांनी हाताने, कागदावर, फोनवरच्या निरोपांवर कंपनीचे बरेचसे काम रेटून नेले.

नशिबाने वाचणे ही योजना नव्हे. मात्र त्या घानाच्या सर्व्हरपासून शिकण्यासारखे इतकेच, की प्रत वाचते ती तुटलेली असते म्हणून. म्हणूनच जाणकार सांगतात की नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. आता हल्लेखोर आधी प्रतीच शोधतात, म्हणून एक प्रत कायम जोडलेली नसावी. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोर विषाणूने सर्व्हर बंद पाडले तेव्हा नोंदणी, दाखले, बिले, रक्त-लघवीच्या तपासण्यांचे अहवाल, सगळे दोन आठवड्यांच्या आसपास हाताने चालवावे लागले. रुग्ण देशभरातून आलेले. कुणाची शस्त्रक्रिया ठरलेली, कुणाचा अहवाल यंत्रात अडकलेला. पुढे सरकारने संसदेत सांगितले त्याप्रमाणे, इस्पितळाच्या मुख्य प्रणालीतली माहिती एका अबाधित राहिलेल्या सर्व्हरवरून परत मिळाली. ती तशी मिळाली नसती तर काय झाले असते, याची कल्पना ज्याच्या घरात जुनाट आजाराचा रुग्ण आहे त्याला करून देण्याची गरज नाही.

आणि हे सारे मोठ्यांचेच दुखणे आहे असेही नाही. बंगळूरच्या त्या शुक्रवारी रिझर्व्ह बँकेने पाहणी केली तेव्हा देशातल्या अवघ्या दहा बँका आणि वित्तसंस्थांना किरकोळ त्रास झाल्याचे आढळले. बहुतेकांची मुख्य कामे त्या प्रणालीवर नव्हतीच. सगळ्या गावाची तहान एकाच विहिरीवर नसली की असे होते. पण त्यानंतर दोन आठवडेही उलटले नव्हते, तोच सी-एज या संगणकसेवा देणाऱ्या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि ३१ जुलैला तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांना, मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांना, देशाच्या देयक यंत्रणेपासून तात्पुरते तोडावे लागले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. इथे विहीर एकच होती. खातेदाराला आपल्या बँकेचा संगणक दुसरी कुठली कंपनी चालवते हे माहीतही नव्हते. त्याला इतकेच दिसले, की फोनवरून पैसे जात नाहीत आणि एटीएम पैसे देत नाही.

तेव्हा लहान माणसाने काय करावे? महागडा सल्लागार नेमण्याची गरज नाही. एका कागदावर दोन प्रश्नांची उत्तरे लिहिली तरी निम्मे काम होते. आपले कोणते काम किती वेळ बंद राहिलेले चालेल? आणि शेवटच्या किती वेळाच्या नोंदी गेल्या तर चालतील? किराणा दुकानदाराचा बिलाचा संगणक दिवसभर बंद राहिला तरी तो तोंडी हिशेब करून विक्री करील, पण उधारीच्या नोंदी गेल्या तर धंदा बसेल. म्हणजे त्याने आधी सांभाळायची ती उधारी, आणि प्रत रोज रात्री काढायची. औषधविक्रेत्याचे उलट. त्याचा साठा कुठे ठेवला आहे आणि कुठल्या औषधाची मुदत कधी संपते हे यंत्रात असेल तर एक तासही जड जाईल. शिकवणीच्या वर्गाचे काम आठवडाभर अडणार नाही, फक्त पालकांचे फोन क्रमांक छापलेले असले पाहिजेत. प्रत्येकाची नाडी वेगळी.

मग येते पावती पुस्तक. हाताने पावत्या फाडायच्या तर त्यांचे क्रमांक संगणकाच्या क्रमांकांहून वेगळे हवेत. नाहीतर यंत्र सुरू झाल्यावर एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या निघतात आणि कोणती खरी यावरून महिनाभर भांडण चालते. हा मुद्दा कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पतपेढीच्या जुन्या रोखपालाला चांगला समजतो. संगणक सुरू झाल्यावर कागदावरच्या नोंदी आत घालण्याचे कामही बिघाडाइतकेच धोक्याचे असते. गर्दी तुंबलेली असते, माणसे थकलेली असतात, आणि एकच नोंद दोनदा पडते किंवा पडतच नाही. एकाने वाचायचे, दुसऱ्याने घालायचे, घातलेल्या पावतीवर खूण करायची आणि शेवटी दोन्हीकडची बेरीज जुळवायची. डेल्टाची जी दशा झाली ती याच टप्प्यावर, फार मोठ्या प्रमाणात.

घरात पाहिले तर काम याहून सोपे आहे आणि तरीही बहुतेक घरांत ते झालेले नसते. १२ एप्रिल २०२५ च्या शनिवारी यूपीआय यंत्रणा काही तास अडली. त्याआधी २६ मार्चलाही तसेच झाले होते. पाकीट न घेता बाहेर पडलेल्या माणसाला हॉटेलात खाणे झाल्यावर बिल कसे द्यायचे हा प्रश्न पडला, आणि भाजीवाल्याला मोजून ठेवलेली मेथी परत ढिगात टाकावी लागली. घरात थोडी रोख असावी. आजोबांच्या औषधांची नावे आणि मात्रा एका कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवलेला असावा. प्रवासाला निघताना तिकीट आणि ओळखपत्र यांची छापील प्रत पिशवीत असावी. हस्तलिखित बोर्डिंग पास मिळायलाही आधी स्वतःचे आरक्षण दाखवावे लागतेच. आणि घरातल्या प्रत्येकाला निदान दोन जणांचे फोन क्रमांक तोंडपाठ असावेत, जसे एकेकाळी शेजाऱ्यांचेही असत.

ज्यांना हाताने काम करता येते ती माणसे मात्र कमी होत चालली आहेत. बँकांत खातेवही हाताने लिहिणारे निवृत्त झाले. विमानाचा तोल तक्त्यावर काढणारे आज मोजके. यंत्र चांगले चालते म्हणून हात विसरतो, आणि हात विसरला की यंत्राचे एका दिवसाचे बंद पडणेही परवडत नाही. यावर उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे, सराव. दर तीन महिन्यांनी, गर्दी नसलेल्या एखाद्या मंगळवारी सकाळी तासभर संगणक मुद्दाम बंद ठेवायचा आणि वहीवर काम चालवून पाहायचे. दवाखान्यात, दुकानात, पतपेढीत, कुठेही. पहिल्या वेळी फार फजिती होते. पावती पुस्तक सापडते, पण कार्बन पेपर कुठे ठेवला आहे हे एकालाच माहीत असते, आणि तो नेमका त्या दिवशी रजेवर असतो.